ताटलीतला सेल

माझ्या बायकोने, कस्तुराने, जाण्याआधी एकेचाळीस ओळी लिहिल्या होत्या. रोज एक. त्यातली एकही मी वाचलेली नाही.

त्या कागदावर नव्हत्या. आम्ही बनवत होतो त्या बॅगेएवढ्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. साल १९९२. परभणीत माणिकरावांचं आणि माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, निम्मं निम्मं. कृषी विद्यापीठातल्या एका साहेबांना रानात नेता येईल असा स्वस्त कॉम्प्युटर हवा होता. पिकाची उंची, पाऊस, सगळं बांधावरच टिपता यावं म्हणून. बोर्ड हैदराबादहून आणला, बाकी सगळं आमच्या हातचं. कस्तुरा सातवी शिकलेली, पण सोल्डरिंगला तिचा हात माझ्यापेक्षा साफ.

स्वस्त करायचं म्हणजे रोज काहीतरी काढायचं. स्कूटरची बॅटरी लावली तर मशीन दिवसभर चालायचं, पण खांदा भरून यायचा. टॉर्चचे सेल लावले तर हलकं व्हायचं, पण मोठी स्क्रीन ते दोन तासांत संपवायची. म्हणून चार ओळींची स्क्रीन घेतली. फ्लॉपी महाग, तीही काढली. मग लिहिलेलं राहणार कुठं?

"आत एक बारका सेल ठिवा," कस्तुरा म्हणाली. "मोठे सेल संपले तरी लिवलेलं जायला नको. पोखर्णीच्या रानात टिपलेलं परभणीला येईस्तोवर उडालं तर काय उपेग?"

बटणाएवढा सेल बोर्डावर बसला.

काय काढायचं यावरून माणिकरावांचं आणि माझं रोज वाजायचं. म्हणून कस्तुरानेच एक रीत घातली. लग्नातली, तिचं नाव कोरलेली स्टीलची ताटली तिने दुकानात आणली. ज्याला जे नको असेल ते त्याने काढून ताटलीत ठेवायचं. ज्याला हवं असेल त्याने न बोलता उचलून परत बसवायचं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडेपर्यंत कुणी उचललं नाही तर ते गेलं.

एकदा माणिकरावांनी तिचा चहाचा कपच ताटलीत ठेवला. "वहिनी, चहा लय महाग पडायलाय."

"ऱ्हाऊ द्या कप," ती म्हणाली. "तुमच्यातली साखर काढते, भाऊजी."

बारका सेल साठ दिवस टिकतो का, हे बघायला तिने रोज एक ओळ लिहायला घेतली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी डोकावलो की झाकण लावायची.

"काय लिवलंस?"

"साठ दिस झाल्यावर वाचा. आताच वाचलं तर उद्या काय लिवू?"

एकेचाळिसाव्या दिवसानंतर ती दुकानात आली नाही. कावीळ झाली होती. पाचव्या दिवशी ती गेली. पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत आणि नंतरही मी घरीच होतो. माणिकराव दोनतीनदा आले, माझा हात धरून रडले. "दुकानाची काळजी करू नका, लिंबाजी. वहिनीचं मशीन मी सांभाळतो."

साठावा दिवस मी मोजून ठेवला होता. त्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. मशीन टेबलावर होतं. पहिल्यापेक्षा चपटं, स्क्रीन मोठी, चकचकीत. बटण दाबलं. स्क्रीन कोरी होती.

"कशी दिसायलीय?" माणिकराव मागून म्हणाले. "साहेब परवा बघून गेले. लय खूश. झाकण बसंना, म्हणून तो सेल तेवढा काढला."

"त्याच्यावरच कस्तुराच्या ओळी टिकून होत्या."

"म्हाईत हाय."

"म्हाईत होतं?"

त्यांनी पेचकस उचलला आणि परत ठेवला. "ताटलीत ठिवला होता की. एक दिवस न्हाई, चांगला तीन दिवस. कुणी उचलला न्हाई."

"मी घरी होतो, माणिकराव. त्याच दिवसांत तुमी माझ्याजवळ येऊन बसला होता."

"रीत वहिनीचीच होती."

"तुमी वाचल्या तरी का त्या?"

"इंग्रजी अक्षरं. कोण वाचत बसतंय?"

चुकून झालं असतं तर मी गिळलं असतं. तिच्या ताटलीत, तिच्या रीतीने, मी नसताना त्यांनी ते केलं होतं.

मी खिशातून दुकानाची माझी चावी काढली आणि ताटलीत ठेवली. त्यांनी बघितलं. मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला गेलो. खरं सांगतो, त्यांनी चावी उचलली असेल असं मला वाटत होतं. अकरा वर्षं एका डब्यात जेवलो होतो. माणिकराव शटर वर करून आत बसले होते. चावी होती तिथंच होती.

चावी मी टेबलावर ठेवली. बारका सेल भंगाराच्या खोक्यात पडला होता, तो खिशात टाकला. ताटली फडक्याने पुसली आणि काखेत घेतली.

"ताटली कशाला नेता?" माणिकराव म्हणाले. "कामाची हाय की दुकानात."

"नाव वाचा तिच्यावरचं," मी म्हणालो. "मराठीत हाय."