सज्ज्यातून सरळ

कृष्णाकाठचं मार्गशीर्षातलं कोवळं ऊन नाटकगृहाच्या झरोक्यांतून उतरत होतं. धूलिकणांना सुवर्णस्पर्श करत, रिकाम्या खुर्च्यांवरून ओघळत, कोऱ्या पडद्याशी येऊन थबकत होतं. पडद्यापुढे सगुणा उभी होती. केरोबा चिताऱ्याची लेक. हाती कुंचला, उरी न विझलेला निखारा.

असाच पडदा तिच्या बापानं रंगवला होता, ती परकरी पोर असताना. अंगणात अंथरून, ओणवं होऊन. नीलमेघांखालून दूर, दूर जाणारा राजमार्ग. दुतर्फा अशोकवृक्ष, लहान लहान होत जाणारे. साऱ्या रेषा धावत धावत एका बिंदूत विरणाऱ्या. आणि तो बिंदू, तिथल्या रीतीप्रमाणे, मालकांच्या खुर्चीसमोर. तिथूनच पाहावं, तर मार्ग बाणासारखा सरळ.

पडदा टांगला, त्या संध्याकाळी केरोबा हळूच त्या खुर्चीमागे आला. एकदाच बघायचं होतं त्याला.

"केरोबा, रंगाचे हात घेऊन इथं कुठं?" बापूसाहेब मालक हसले. पुढची सारी रांग हसली. "जा, वर जाऊन बस."

वर, सज्ज्याच्या टोकाच्या कोपऱ्यात, लेकीला मांडीवर घेऊन तो बसला. तिथून त्याचा राजमार्ग मोडल्या हातासारखा वाकडा दिसला. आपला मार्ग एकदाही सरळ न पाहताच तो जगातून गेला.

आता नवा पडदा. सगुणेनं त्याच कोपऱ्यात खिळा ठोकला, खिळ्याला दोरी बांधून पडद्यापर्यंत ताणली, आणि त्या दोरीच्या धाकात रेघ न् रेघ ओढली. शंखशुभ्र खांब, चंद्रधवल सौध, एकेक पायरी. सारं त्या खिळ्यापाशी, बापाच्या डोळ्यापाशी येणारं.

खेळाच्या संध्याकाळी दिवे उजळले, आणि खुर्चीतले वृद्ध बापूसाहेब दचकून मागं सरले.

"सगुणे, हे खांब अंगावर येतायत गं माझ्या."

"सरळच आहेत, मालक."

"कुठून सरळ?"

"वरून. माझ्या बापाला बसवलंत ना, त्या कोपऱ्यातून."

मालकांनी जिन्याकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. मागं नाटकगृह तुडुंब. नांदी सुरू झाली होती.

सगुणा जिना चढली. कोपऱ्यात बसली, शेजारची जागा रिकामी ठेवून. समोर महाल उभा होता, निश्चल, निष्कलंक, सरळ.

आणि खाली, खूप खाली, मालकांवर कोसळत्या खांबांच्या छायेत, त्यांची जरीची पगडी. लहान, आणखी लहान, बिंदूएवढी.