पंप घरी राहिला

लहान मुलांची पार्टी सोपी. केक दाखवा, फुगा द्या, एखाद्याला रडू द्या, झालं. खरा घाम फोडतात ती तेरा-चौदा वर्षांची. येतात, भिंतीला टेकतात, फोनमध्ये डोकं खुपसतात आणि आपण काढलेल्या खेळाकडे अशी बघतात की आपल्यालाच लाज वाटावी. वीस वर्षं पार्ट्या करून मी एक उपाय शोधलाय. त्यांना पाहुणे म्हणून बोलवायचंच नाही. 'सजावटीला हात हवेत, तीन वाजता या,' एवढंच कळवायचं. हातात कात्री आली की तोंडं आपोआप सुटतात.

तर एक नर्सबाई माझ्याकडे आल्या, ड्यूटी संपवून थेट गणवेशातच. मुलीला चौदा वर्षं पूर्ण होणार होती. गेल्या वर्षी शाळा नवीन होती, तरी हौसेने वर्गातल्या दहाजणांना बोलावलं होतं.

"एकही आलं नाही हो, ताई. केक आम्ही दोघींनीच कापला. यंदा म्हणते, पार्टी केलीस तर मी खोलीबाहेर येणार नाही. पण मला पुन्हा एकदा करून बघायचंय."

पोरीला नको तर नको, असं मी एरवी ठणकावून सांगते. पण बाईंचा चेहरा बघून जीभ रेटेना. वर्गातल्या पोरांना माझा तो नेहमीचा तीन वाजताचा निरोप धाडला.

शनिवारी त्यांच्या घरी पिशव्या उपसल्या आणि मी मटकन खाली बसले. पंप घरी राहिला होता. फुगे बंद करायचे चिमटेही त्याच डब्यात. शंभर फुगे आणि पंप नाही! स्वतःला चार शिव्या हासडल्या. मुलगी आत, दार लावून. तीन वाजले, सव्वातीन झाले. आई तेच टेबल चौथ्यांदा पुसत होती. ही पोर दुसऱ्यांदा तोंडघशी पडणार आणि या वेळी त्यात माझाही हात असणार, या विचाराने मला धड बसवेना.

साडेतीनला बेल वाजली. तिघी आल्या. मग दोघे, मग आणखी चौघं.

"पंप नाही," मी करवादले. "तोंडाने फुगवा."

गाल फुगले, डोळे बाहेर आले, हसता हसता हवा सुटून फुगे पंख्यापर्यंत उडाले. फोन कुठे गेले कुणास ठाऊक. पण गाठ काही कुणाला जमेना. माझी बोटं तर संधिवाताने आखडलेली. एक चष्मेवाला दोन्ही हातांत फुगे आवळून ओरडला, "मावशी, गाठ कोण मारणार?"

आतलं दार उघडलं. "द्या इकडे," मुलगी म्हणाली.

एक वळसा, एक ओढ, गाठ तयार. बघता बघता तिच्यासमोर रांग लागली. "आधी माझा!" "ए, मी आधी होतो!"

"कुठे शिकलीस गं एवढं भरभर?" रांगेतल्या एका उंच मुलीने विचारलं.

"गेल्या वर्षी. साठ फुगे होते. एकटीनेच केले."

आईचं फडकं टेबलावर थांबलं.

"मलाही बोलावलं होतंस," उंच मुलगी म्हणाली. "कुणीच जात नव्हतं म्हणून मीही आले नाही. चुकलंच माझं." तिने नवा फुगा उचलला. "यंदा तू नुसत्या गाठी मार. फुगवायला आम्ही आहोत."

मुलीने हात पुढे केला. "आण मग."

सजावट अर्धीच झाली आणि केक कापायला सात वाजले. निघताना आईने माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? मी तर पंप विसरलेय."

आभार मलाच मानायचे होते. पोरांच्या हातांना काम मी दिलं होतं, पण खरं बोलायचा धीर त्या उंच मुलीने स्वतःचा आणला होता. मी धापा टाकत जिन्यात तिला गाठलं आणि थँक्यू म्हटलं.

फुगवून फुगवून तिचे ओठ सुजले होते. "कशाबद्दल?" तिने विचारलं.

"आलीस, त्याबद्दल," मी म्हटलं.