कुंपण आणि करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. वयाचं विचाराल तर सांगणार नाही, हत्यारांची धार विचारावी. आज भिंतीवरच्या खिळ्याला लटकून आहे आणि अंगावर थोडा गंज चढला आहे, तरी बोलायला अजून बोथट झालेली नाही.

माझी मूठ एका सुताराने स्वतःच्या पंजाचं माप घेऊन घडवली. दर आठवड्याला तो माझ्या एकेका दात्याला कानस लावायचा आणि काम संपलं की पात्यावरून तेलाचं बोट फिरवायचा. त्याच्या दोन मुलींच्या लग्नातली कपाटं, पलंग, पाळणे, सगळ्यांची फळी मीच कापली. "हिच्यासारखी सरळ कोणी कापत नाही," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी त्या वेळी फार मिजासखोर होते, हे कबूल करते.

तो गेल्यावर जमिनीचे दोन तुकडे झाले. रंधा आणि पटाश्या थोरलीकडे गेल्या, मी धाकटीकडे आले. दोघींनी आपापल्या तुकड्यावर घरं बांधली आणि मधून एक पायवाट पडली. एकीच्या स्वयंपाकघरातून दुसरीच्या स्वयंपाकघरात जायला दोनशे पावलं लागायची. चुलीवर दूध ठेवून जावं आणि ते उतू जायच्या आत परत यावं, इतकं जवळ.

मग एके दिवशी थोरलीच्या कोंबड्यांनी धाकटीचा भाजीचा वाफा उकरला. शब्दाने शब्द वाढला. कोंबड्यांवरून सुरू झालेलं भांडण लहानपणीच्या खेळण्यांपर्यंत मागे गेलं. शेवटी दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं, की मध्ये कुंपण हवं. रोपवाटिकेतून परदेशी झुडपाची रोपं आली. भराभर वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही, असं त्याचं कौतुक झालं. इतकं भराभर वाढणारं झाड थांबणार कुठे, हे विचारायचं मात्र दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

दोन वर्षांत ते डोक्याच्या वर गेलं आणि चौथ्या वर्षी त्याने पायवाट गिळली. बोटाएवढे काटे, पिवळी फुलं, लाल फळं. पाखरं फळं खायची आणि बी दोघींच्या जमिनीवर, खालच्या ओढ्यापर्यंत पेरत जायची. त्याच्या सावलीत गवताची काडीसुद्धा उगवेना.

तोवर कोंबड्याही मेल्या होत्या आणि रागही निवला होता. पण पहिली हाक कोणी मारायची? धाकटीने वेगळाच मार्ग काढला. दरवर्षी फुलं गळाली की ती मला घेऊन निघायची आणि आठ-दहा दिवस झुडपं कापत थोरलीच्या दिशेने सरकायची. कोणी विचारलं, "काय, कुंपण छाटताय?" की ती "हो" म्हणायची. आपण वाट काढतोय हे तिने कोणालाच सांगितलं नाही. बारा वर्षं हेच चाललं. वीस-पंचवीस पावलं आत गेलं की तिचे हात गळायचे, आणि पुढच्या वर्षी पाहावं तर तेवढी जागा पुन्हा भरलेली, पहिल्याहून दाट. मला तर बरंच वाटायचं. जितकी झुडपं जास्त, तितकी माझी गरज जास्त. लाज वाटते आता, पण खरं ते सांगते.

त्या वर्षी दूधवाल्याने बातमी आणली. थोरलीचा खुबा दुखावला होता आणि दोन महिन्यांनी तिची मुलगी तिला शहरात घेऊन जाणार होती. घराला कुलूप लागणार होतं. धाकटीने हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं आणि मला उचललं. ताई जायच्या आत वाट उघडायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने मला इतकं दामटलं की माझा एक दाता तुटला.

चौथ्या दिवशी वनखात्यातल्या एक बाई आल्या. गुडघ्यापर्यंत बूट, बुटांना ओढ्याचा चिखल. झुडपाचं बी ओढ्यावाटे जंगलात पोचत होतं, म्हणून त्या घरोघर फिरत होत्या. "जमीन तुमची आहे, मी फक्त सांगू शकते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एका जुन्या बुंध्यापाशी वाकून फुटवे मोजले. अकरा निघाले.

"दरवर्षी कापता ना?"

"दरवर्षी. न चुकता."

"तेच चुकतंय, मावशी. एक कापलं की ते अकरा होऊन उठतं. नुसती करवत म्हणजे त्याला खुराक आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला भुईने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. बारा वर्षं त्या वाढत्या झुडपांना मी माझी शाबासकी समजत होते, आणि ते कुंपण मीच जाड करत होते.

बाईंनी रीत समजावली. जमिनीलगत सपाट कापायचं आणि पाच मिनिटांच्या आत, कड ओली आहे तोवर, सालीच्या आतल्या कडेला ब्रशने मुळं मारणारं निळं औषध लावायचं. हातमोजे घालूनच. उशीर झाला तर औषध आत जात नाही. "एकटीने जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकाने कापायचं, दुसऱ्याने मागोमाग लावायचं. पलीकडच्या आजींनाही विचारलं मी. त्या म्हणाल्या, कुंपण तिलाच हवंय, दरवर्षी करवत लावून दाट करून घेते."

धाकटी कापलेल्या फांद्यांवरच बसली. काटे टोचल्याचंही तिला कळलं नाही. मग ती उठली आणि हमरस्त्याने, वळसा घालून, थेट बहिणीच्या दारात गेली. मी हातातच राहिले होते.

थोरली काठी टेकत दारात आली. तिने आधी मला पाहिलं, मग बहिणीला.

"भांडायला आलीस की कापायला?"

"ताई, मी वाट काढत होते गं. तुझ्याकडे यायला."

थोरली दाराच्या चौकटीला टेकली. "मी दरवर्षी करवत ऐकायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, अजून राग गेला नाही हिचा."

"मग हाक मारायचीस."

"तू मारलीस?"

दोघी रडल्या. मग थोरलीने डोळे पुसून विचारलं, "ते निळं औषध काय म्हणत होती ती बाई? बसून लावता येतं का?"

येत होतं. दुसऱ्या दिवसापासून धाकटी कापायची आणि थोरली बुटक्या स्टुलावर बसून ब्रश फिरवायची. "थांब, आधी हे होऊ दे," असं ती मला दरडावायची आणि मी निमूट थांबायचे. स्टूल पुढे सरकवत सरकवत पाच आठवड्यांनी दोघी धाकटीच्या दाराशी पोचल्या. तीन दिवसांनी थोरली शहरात गेली.

त्या बुंध्यांना फुटवा आला नाही. पण जमिनीतलं बी अजून बरीच वर्षं उगवत राहणार, असं बाईंनी बजावलं होतं. म्हणून दरवर्षी माती ओली झाली की थोरली आठ दिवस येते आणि दोघी मिळून कोवळी रोपं हाताने उपटतात. त्याला माझी गरज लागत नाही. वाईट वाटतं थोडं, पण सवय झाली.

मित्रांनो, झाड लावण्याआधी ते कुठवर जाईल हे विचारा. कापलंत तर पाठ फिरवू नका, पुढच्या वर्षी परत जाऊन बघा. आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्या हत्यारावरून अधूनमधून तेलाचं बोट फिरवा.

गेली दोन वर्षं रोपं फारशी उगवतच नाहीत. ताई यायच्या आधी धाकटी वाटेवर फिरते, बरीचशी उपटते आणि चार-पाच मुद्दाम ठेवून देते. मग फोनवर सांगते, "ताई, खूप उगवलंय गं, एकटीने व्हायचं नाही." फूल धरायच्या आत ताई येतेच. तेवढं त्या बाईंना सांगू नका.