फरशीतला आवळा

मित्रांनो, तारुण्य टिकवणारे झाड म्हणून ज्याचे नाव झाले, तो महाळुंगे गावचा जुना आवळा मीच. आता माझ्याकडे पाहून कुणाला हे खरे वाटणार नाही.

अंबुबाई नवी नवरी होऊन या घरी आल्या, त्या वर्षी त्यांनी मला परसात लावले. पुढे शेतात कारखाने उभे राहिले; परस तेवढे उरले. कार्तिकात सगळी भावकी माझ्या सावलीत आवळीभोजनाला बसे. मिठाशी आवळा खाऊन पोरे तोंडे वेडीवाकडी करत. मला मोठी गंमत वाटे. अंबुबाईंचे एकच मागणे असे, "माझ्या माघारी बी हितं पंगत बसू दे."

मग कॉलेजात शिकवणाऱ्या सुमेधाताई आल्या. त्यांनी माझी फळे वाळवून अर्क काढला आणि प्रयोगशाळेत पेशींवर तपासला. त्याने पेशींची झीज मंदावली. "हे अजून काचेच्या बशीतलं आहे हं, माणसांवर तपासायचंय," असे त्या बजावत होत्या. पण ऐकतो कोण? गावभर माझा बोलबाला झाला. मीही फुगून गेलो, खोटे कशाला बोलू?

अंबुबाईंचा मुलगा ओंकार तर हरखलाच. पंगतीला चिखल नको म्हणून त्याने अगदी माझ्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले आणि वर चकचकीत फरशी बसवली.

"आरं, त्येचा जीव गुदमरंल की," अंबुबाई म्हणाल्या.

"आई, लोकं बघायला येत्यात. झाडाचा मान नको का राखायला?"

त्या कार्तिकात फरशीवर थाटात पंगत बसली. दुसऱ्या वर्षी माझी पाने अवेळी गळाली. तिसऱ्या वर्षी एकही फळ धरले नाही.

सुमेधाताई पुन्हा फळे न्यायला आल्या आणि मला पाहून म्हणाल्या, "या फरशीखाली मुळांना हवाच मिळत नाहीये." ओंकारने त्याच दिवशी फरशी फोडली. खाली मुळे काळी पडून कुजली होती. "आता उपयोग नाही, ओंकारदादा," त्या हळूच म्हणाल्या. ओंकार माझ्या खोडाला हात लावून रडला. तो वाईट नाही, मित्रांनो. म्हणून मला धड रागावताही येत नाही.

कुणाचे कौतुक वाटले, तर त्याला जगायला काय लागते ते आधी पाहा. माझ्यासाठी आता ते पाहून काही होणार नाही.

अंबुबाई अजून रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतात आणि नवी पालवी शोधतात. ते पाणी मला पिता येत नाही, हे त्यांना मी कसे सांगू?