मक्याचं लगीन

"औंदा वावरात एक तरी ताट जांभळं निघू दे, न्हाईतर येळवसेच्या सणाआधी तुझं गठुडं माहेरी," असं रत्नम्मांनी सुनेला भावकीदेखत बजावलं होतं. रत्नम्मा बोलल्या की करून दाखवायच्या, हे दानम्माला ठाऊक होतं. माहेरी पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या होत्या. थोरली परत आली तर त्यांना कोण विचारणार?

त्या घराचा मका गावात निराळा. ताट जांभळं, कणसाची पात जांभळी. बहात्तरच्या दुष्काळात पोटाला चिमटा घेऊन राखलेलं बी ते. आणि घरची रीतही निराळी. नवी सून ओटीतून माहेरचं मूठभर बी आणायची. दोन्ही बी शेजारी पेरायचं, सासरच्या ताटांचे तुरे खुडायचे, आणि माहेरच्या ताटाचा तुरा सुनेनं आपल्या हातानं त्यांच्या कणसांवर झटकायचा. झालं मक्याचं लगीन! पुढं पेरायला बी त्याच कणसांचं.

दानम्माच्या माहेरचा मका फिका हिरवा, पण खायला गोड. कुणी हरकत घेतली नाही. दुसऱ्या वर्षी मात्र अख्खं वावर फिकं उगवलं. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आधी विहिरीवर निघाला, मग घरात आला.

सोलापूरहून शेतकी खात्याचे मानसिंग साहेब आले. ते म्हणाले, "रंग लपलाय. ह्याच मक्याचं बी पुन्हा पेरा. चारात एक ताट जांभळं येणारच, पुस्तकात तसंच आहे." दानम्माचा संसार त्या चारातल्या एकावर टांगला गेला.

पंच्याहत्तर साली पाऊस वेळेवर झाला. पेरणीनंतर दहाव्या दिवशी दानम्मा एकेका रोपापाशी वाकली. जांभळ्या मक्याचं बूड तेवढ्यातच रंग दाखवतं. शेवटच्या ओळीपर्यंत सगळी बुडं हिरवीच होती. ती पुन्हा पहिल्या ओळीपासून पाहत आली.

त्या दुपारी नांग्या भरायच्या होत्या, म्हणजे जिथं उगवलं नाही तिथं पुन्हा दाणे टोकायचे. घरात एका गाडग्यात राखेत घालून दुष्काळातलं, लगीन न लागलेलं बी रत्नम्मांनी जपलं होतं. दानम्मानं त्यातले आठ दाणे चोरले आणि नांग्यांत टोकले. चार उगवले.

भादव्यात ती चार ताटं गर्द जांभळी उभी राहिली. रत्नम्मांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, सुनेची दृष्ट काढली. "माजी लेकच हाय ही," म्हणाल्या. कुणी गाडग्याकडं नुसतं पाहिलं तरी दानम्मा मात्र काहीतरी निमित्त काढून विषय बदलायची.

कणसं मोडायच्या दिवशी साहेब वावरात आले. "चारच? पाव वावर तरी जांभळं हवं होतं," ते पुटपुटले. मग एका फिक्या ताटाचं पान उलटून बघत म्हणाले, "कॉलेजात एक प्राध्यापक सांगायचे. काही मक्यांत फिका रंग गडद रंगाला भेटला की त्याला गप्प करतो. रंग मरत नाही, पण पुढच्या पिढ्यांतही तोंड उघडत नाही. तेव्हा आम्हाला ते खरं वाटलं नव्हतं."

"मग ह्या चार ताटांचं बी?" दानम्मानं विचारलं.

"भोवती सगळा फिकाच फुललेला. वाऱ्यानंच लगीन लावलं असणार. पुढच्या साली हीही फिकी. फिक्याला कधी न भेटलेलं जुनं बी असेल तर ते जपा."

म्हणजे गावानं लावलेला बोल खराच होता. तिच्याच हातानं झालं होतं. दानम्मा घराकडं पळत सुटली. हाकलून दिलं तर देऊ दे, पण आता सांगायचंच.

चुलीवर पातेलं रटरटत होतं. रत्नम्मा हसून म्हणाल्या, "ये ये. रंग घरी आला, आता जुन्याला किती दिस जपू? त्याला किडं लागाय लागलं व्हतं. देवाला घुगऱ्या टाकल्या."

"सगळं बी?"

"सगळं की."

"आत्याबाई, ती चार ताटं मी लावली. त्याच गाडग्यातनं चोरून. रंग आलाच न्हाई."

रत्नम्मांनी एकदा सुनेकडं पाहिलं आणि उकळत्या पातेल्यात हात घातला. मूठभर दाणे भुईवर पडले. दानम्मा किंचाळत त्यांचा भाजलेला हात धरायला गेली, पण त्यांनी तो हिसडला आणि त्याच हातानं दाणे पांगवू लागल्या. "बग, एखादा कच्चा असंल. बग की गं!" दानम्मा गुडघ्यांवर बसून एकेक दाणा नखानं दाबत गेली. सगळे मऊ शिजले होते.