म्हातारी आणि पाचर

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे स्पोर्ट्स कार दोन आणि जागा उरली एकीपुरती. एक साठ वर्षांपूर्वीची, उघड्या टपाची, गोल दिव्यांची. दुसरी तिच्याहून तीस वर्षांनी धाकटी, पुढून चपटी, बटण दाबलं की बॉनेटमधून डोळे वर काढणारी. गॅरेजात पहिलीला म्हातारी म्हणत, दुसरीला पाचर. रविवारी दोन्ही टेकडीवर चढवायच्या, मनात भरेल ती ठेवायची, दुसरी विकायची, असं बाईंनी ठरवलं होतं.

गॅरेजच्या मिस्त्रींनी अर्थातच म्हातारीचा कैवार घेतला. पाचरीचं पेट्रोल मोजायला कॉम्प्युटर. तिच्यात मिस्त्रींना करण्यासारखं काय होतं? म्हातारीचे दोन कार्बोरेटर ते रबरी नळी कानाला लावून, आत जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकत जुळवायचे. दोन्हींचा सूर एक झाला की काम फत्ते. ती नळी अकरा वर्षांत त्यांनी स्वतःच्या लेकीच्याही हाती दिली नव्हती. लेक पाचर सांभाळायची, आणि सांभाळता सांभाळता तिला जीव लावून बसली होती. पण म्हातारी गेली तर बाबा गॅरेजला कुलूप लावतील, हे तिला न सांगता कळत होतं.

शनिवारी चाचणीला म्हातारी निम्म्या चढावर खोकायला लागली. महिन्यात तिसऱ्यांदा. मिस्त्रींनी पेट्रोलला नावं ठेवली, हवेला ठेवली, शेवटी बाईंच्या गिअर टाकण्यालाही ठेवली. बाई तर गाडीत नव्हत्याच.

गॅरेजात परतल्यावर लेक नुसती बघत राहिली. बाबा नेहमीच्या बाजूने वाकले. पुढच्या कार्बोरेटरची नळी उजव्या कानाला. मागच्याची, वळायचा कंटाळा म्हणून, डाव्या कानाला. आणि मग सूर जुळेना म्हणून मागच्याचा स्क्रू उघडतच राहिले, उघडतच राहिले.

चहाला हाक मारताना आपण हल्ली त्यांच्या उजव्या बाजूलाच जातो, हे तिला तेव्हा उमगलं. आताही ती तिकडेच गेली.

"बाबा, मागचा उजव्या कानाने ऐका बघू."

मिस्त्री कण्हत पलीकडे वळले. नळी लावली. काढून पुन्हा लावली.

"हे तर वादळ आहे," शेवटी पुटपुटले, आणि नळी तिच्यापुढे धरली. "धर. ही काही तुझी पाचर नव्हे, हिचं ऐकून घ्यावं लागतं. घरात कुणाचे तरी दोन्ही कान शाबूत आहेत, ते वापर."

तिने स्क्रू केसभर मागे घेतला, पुन्हा ऐकलं, पुन्हा केसभर. मिस्त्रींचा तळहात मडगार्डवर होता. इंजिनाची थरथर शांत झाली तसं त्यांनी बोट वर केलं. तिचा हात त्याआधीच थांबला होता.

रविवारी पाचर आधी पोचली आणि म्हातारी गात पोचली. बाईंनी म्हातारी ठेवली. लेकीने पाचरीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. हिला एवढी कुणी जुळवली, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मिस्त्री म्हणाले, आमच्या पोरीने. मग खाकरून त्यांनी कानाच्या एखाद्या चांगल्या डॉक्टरांचा नंबर मागितला.

सोमवारी लेकीने पान्याला हात घातला, तर तिच्या पान्यांच्या खिळ्यावर बाबांची नळी लटकत होती.