शिवऱ्याचा सीलबंद भात

‘भोर व वेल्हे तालुक्यांतील लग्नसमारंभांत गेल्या वर्षभरात अन्नाचा एक कणही वाया गेलेला नाही,’ असे अन्नबचत योजनेच्या अहवालात छापले होते.

निवृत्त प्राध्यापक मैथिलीताईंनी ते तीनदा वाचले. एवढे निष्कलंक यश त्यांना पुराणांतही आढळले नव्हते. तिथे निदान एखादा शाप तरी असतो. योजनेचा निधी चालू ठेवावा का, याची शिफारस त्यांनी करायची होती. अशा कामावर सरकारने खर्च केलाच पाहिजे, हे त्यांचे जुने मत. म्हणूनच त्या शिवऱ्याच्या मंगल कार्यालयात स्वतः आल्या.

दोन वाजता शेवटची पंगत उठली. पातेल्यातला न उष्टावलेला भात वाफाळताच योजनेच्या डब्यांत गेला. झाकणे बसली, वर सील लागले. आचारीण गीताबाईंनी तोंड फिरवले. पूर्वी हाच भात त्या परातींत पसरून निववत आणि टेम्पोने पालीच्या मुलींच्या वसतिगृहात पोचवत. योजना आली आणि त्यांना मनाई झाली.

“गरम भात कोंडला की आंबतो, बाई,” त्या म्हणाल्या. “पर तुमी शिकलेली मान्सं. तुमाला आमी काय सांगावं?”

मैथिलीताई डबे नेणाऱ्या योजनेच्या गाडीमागोमाग पालीला गेल्या. गाडी येणार म्हणून वसतिगृहात चूल पेटलीच नव्हती. चाळीस मुली ताटे घेऊन बसलेल्या. सील अधिकाऱ्यांसमोर, फोटो काढतानाच तोडायचे, असा नियम. योजनेचे अधिकारी रघुवीर साडेसहाला उगवले. फोटो निघाला, सील तुटले आणि आंबूस भपकारा सगळ्यांच्या तोंडावर आला. भात परसातल्या खड्ड्यात गेला. मुलींच्या वाट्याला बिस्किटे आली.

“फोटो झ्याक आलाय की,” रिकामे ताट उचलत त्यांतली शिवानी मैत्रिणीला म्हणाली, “त्योच खा.”

मैथिलीताईंचा आवाज चढला नाही. संतापल्या की त्या अधिकच सौम्य बोलत. आजचा भात अहवालात कुठे दिसेल, असे त्यांनी विचारले. वाचलेल्या अन्नात, रघुवीर म्हणाले. मग कोणी किती खाल्ले, ते कुठे दिसते? रघुवीरांनी खड्ड्याकडे पाहतच उत्तर दिले.

शिफारशीत मैथिलीताईंनी लिहिले: निधी जरूर द्यावा, पण गीताबाईंच्या परातींना. कारण म्हणून त्यांनी रघुवीरांचे उत्तर जसेच्या तसे उतरवले:

“अन्न गाडीत चढलं की ते वाचलं, असं आम्ही धरतो. कुणी खाल्लं याचा रकाना आधी होता, मॅडम. तो दर वेळी रिकामाच राहायचा, म्हणून मीच काढून टाकला.”